फाट्यापासून पुलापर्यंत

काही लोकांना गळा असतो, काहींच्या हाताला चव असते. मला विधानसभेचा प्रश्न लिहिता येतो. हसू नका. आमदार सभागृहात मंत्र्यांना जे तारांकित प्रश्न विचारतात, ‘हे खरे आहे काय; असल्यास, त्याची कारणे काय आहेत; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ अशा चालीचे, ते मी झोपेतून उठून लिहू शकतो. खरं तर हे माझं काम नाही. मी बुलढाण्यात एका सरकारी ऑफिसात बाबू आहे. प्रश्न वरून येतो आणि आम्ही खालून त्याची माहिती पाठवतो, अशी रीत. पण आयुष्यभर उत्तरं लिहून लिहून मला प्रश्नाचीच खाज सुटली.

ती खाज भागवायची सोय माझ्या कॉलेजच्या मित्रानं केली. तो एका आमदारांचा पीए आहे. आमदार आमच्या भागाचे नाहीत, पार दुसऱ्या टोकाचे आहेत, पण प्रश्न कुठलाही विचारता येतो. अधिवेशन जवळ आलं की मित्र बुलढाण्याला चक्कर मारायचा, कोर्टाजवळच्या टपरीवर मला चहा पाजायचा आणि म्हणायचा, “चार-पाच लिहून दे बे, झणझणीत.” त्याला लिहायचा कंटाळा आणि मला लिहिल्याशिवाय चैन नाही, असं आमचं जमलं होतं. सरकारी नोकरानं असलं काही करायचं नसतं, हे मला पाठ आहे. नव्या पोरांना मीच तो नियम सांगतो.

घरी माझ्या कलेची कदर शून्य. एकदा जेवताना मी बायकोला विचारलं, “भाजीत मीठ कमी पडले आहे, हे खरे आहे काय?” ती म्हणाली, “हाव, खरं हाये. असल्यास, काल दुकानातून मीठ आणाचं कोणाले सांगतलं होतं?” एवढं बोलून तिनं वर अजून एक पोळी वाढली. उपप्रश्न असा असावा. आमच्या आमदारांना तो कधी जमला नाही.

तर गेल्या वर्षी माझ्या स्कूटरला पंधरा वर्षं झाली. नोंदणी परत करून घ्यायला गेलो, तर खिडकीतल्या माणसानं जास्तीचा एक आकडा सांगितला. म्हटलं, हे काय? म्हणाला, पर्यावरण कर. जुनी गाडी, जास्त धूर, म्हणून मालकानं पर्यावरणासाठी वेगळा कर भरायचा. दुसरा कोणी असता तर कुरकुरला असता. मला, सांगायला लाज वाटते, अभिमान वाटला. स्कूटर फटफटवत, मागे निळा धूर सोडत मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, “आजपासून राज्यातल्या झाडाझाडात आपला वाटा हाये.”

“मंग एखाद्या झाडाले सांगा,” ती म्हणाली, “दोन लिंबं द्याले.”

पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. हा कर जातो कुठं? मी भरला, माझ्यासारख्या हजारोंनी भरला, मग त्याचं पर्यावरण कुठंतरी दिसलं पाहिजे ना? चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, साडूच्या पोराच्या साखरपुड्यात, जो भेटेल त्याला मी हे ऐकवायचो. साडूनं तर मला बघून पंगतच बदलली.

याच दिवसांत मी ताईकडे गेलो. माझी थोरली बहीण साखरखेर्ड्याच्या अलीकडे एका फाट्यावर हॉटेल चालवते. हॉटेल म्हणजे आमच्याकडचं हॉटेल. टिनाचा शेड, तीन बाकडी, चहा, भजे, आणि बाजाराच्या दिवशी मिसळ. पूर्वी शेडवर दोन जुने कडुनिंब होते. त्यांची सावली एवढी मोठी की दुसरबीडकडून येणारे ट्रकवाले, बैलगाडीवाले, लग्नाचं वऱ्हाड, सगळे तिथंच थांबायचे. चहा तसा बेताचाच असतो ताईचा, तिच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही एवढंच. लोक सावलीसाठी थांबायचे आणि थांबलेच आहोत तर चहा घ्यायचे. मग रस्ता रुंद झाला आणि कडुनिंब गेले. आता दुपारी टिनाखाली बसलं की डोक्याचं भरीत होतं. गिऱ्हाईक लांबूनच बघतं आणि पुढं जातं.

झाडं तोडली त्याच्या बदल्यात पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रोपं लावली होती. कडुनिंब, करंज, प्रत्येकाभोवती हिरवी जाळी. लावणारा ठेकेदार लावून गेला. थंडीतच रोपांनी माना टाकायला सुरुवात केली.

ताईनं मला फाट्यापासून पुढच्या नाल्यावरच्या पुलापर्यंत चालवत नेलं आणि एकेक जाळी वाकवून दाखवली. काड्या झालेल्या. काहींना बुडाशी एखादा कोंब तेवढा हिरवा.

“बाबू,” ती म्हणाली, “तू सरकारात हायेस. उन्हाळाभर टँकर लागला पाह्यजे, बाकी मले काही नोको. माही बोरिंग होळी झाली का खाकरते नुसती. हे झाडं यंदा जगले तं जगले. जगले तं दोन-तीन सालात सावली पडन, मी कसंबी तोवर रेटीन. मेले तं शेड उपटून भंगारात देईन अन् लेकाकडे पुण्याले जाईन भांडे घासाले.”

लेकाकडे तिला भांडी घासावी लागणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं. पण दोन खोल्यांच्या घरात, चौथ्या मजल्यावर, कोणी ओळखीचं नाही अशा ठिकाणी जाऊन बसायचं तिला भ्या होतं. माझी बहीण रस्त्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देत जगलेली बाई आहे. मला तिचा फार कळवळा आला. खरंच आला. आणि कळवळा आला की माझं जे होतं तेच झालं, मला प्रश्न सुचला.

“ताई,” मी म्हणालो, “हे मी विधानसभेत नेतो.”

शेजारी पंक्चरच्या दुकानाचे चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसले होते. ताईचे जुने शेजारी. त्यांनी मान वर केली. “भाऊ,” ते म्हणाले, “विधानसभा कायले? एक सादा अर्ज देऊन टाका ना तुमच्याच हापिसात. लेडीज बाईच्या नावानं. टँकर येऊन जाईन.”

अर्ज! मी चाचांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती आठवली की आजही मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. राज्याच्या वित्तमंत्र्याला उभं करणारा माणूस मी. मी साधा अर्ज करू? “चाचा,” मी म्हणालो, “अर्ज फायलीत जाते. प्रश्न सभागृहात जाते.” हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते परत एकदा म्हणालो. चाचांनी ट्यूब दुसऱ्या बाजूनं बुडवली.

निघताना ताईला बजावलं, “अधिवेशन लागेपर्यंत कशीबशी जगव त्याईले. फाट्यापासून पुलापर्यंत तरी. बाकी माह्यावर सोड.”

“जगवीन,” ती म्हणाली. तेवढंच.

त्या रात्री मी माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रश्न लिहिला. नुसत्या झाडांचा प्रश्न सगळेच विचारतात. मी तो थेट वित्तमंत्र्यांना विचारला, कारण झाडं कोणाची असली तरी पैसा त्यांचा. जुन्या वाहनांवरील पर्यावरण करातून किती रक्कम जमा झाली व ती कोणत्या कामांवर खर्च झाली. सदर रस्त्यावर फाट्यापासून पुलापर्यंत लावलेली रोपे निगेअभावी वाळून गेली आहेत, हे खरे आहे काय. असल्यास, उन्हाळ्यात त्यांना टँकरने पाणी देण्यासाठी उक्त करातून तरतूद करण्यात येणार आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. ती मोबाईलवर काहीतरी बघत होती. ‘उक्त’ शब्दाला तरी तिनं वर बघावं अशी माझी अपेक्षा होती.

मित्रानं टपरीवर कागद वाचला आणि म्हणाला, “अबे, फाट्यापासून पुलापर्यंतच काऊन? सारा रस्ता लिही ना. वीस किलोमीटरचा सुकला असन.”

मग मी त्याला शिकवणी दिली. सगळी दिली. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतं. ‘जिल्ह्यातील रस्त्यांवरील रोपे’ असं विचारलं की वरचे लोक ‘अंशतः खरे आहे’ असं लिहून मोकळे होतात. मंत्र्याला पकडायचं असेल तर त्याला पळायला जागा ठेवायची नाही. जागा बांधून टाकायची. फाटा ते पूल. हलायचंच नाही. तो म्हणाला, “तू लय हुशार हायेस बे.” मी म्हणालो, “अनुभव हाये.” चहाचे पैसे मी दिले, एवढा खूश होतो.

मार्चमध्ये मुंबईत अधिवेशन सुरू झालं. एका सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या हातात लाल अक्षरात ‘तातडीचे’ लिहिलेला कागद होता. साहेब तसे भले, गोंदियाकडचे, आवाज कधी चढत नाही. “घ्या,” म्हणाले, “तारांकित आलाय. कराचा भाग वरचे बघतील. रस्ता आपल्या खात्याचा, म्हणून रोपांची माहिती आपल्याकडून मागवली आहे. तुमच्याशिवाय कोणाला जमणार?”

मी कागद हातात घेतला आणि माझा मला घाम फुटला. माझा अर्धविराम, माझं ‘उक्त’, सगळं जसंच्या तसं. माझं लेकरू मुंबईला जाऊन, शिक्के मारून घेऊन, माझ्याच टेबलावर परत आलं होतं.

“कोणी लिहिला असेल हो हा?” साहेब म्हणाले. “आमदाराचं हे मराठी नाही. कोणीतरी रिकामटेकडा बाबू दिसतो.”

“तसंच वाटते, साहेब,” मी म्हणालो.

पण आतून मला गुदगुल्या होत होत्या, हे कबूल करतो. मी विचार केला, अरे, हे तर आणखी झकास झालं! प्रश्न माझा आणि उत्तरही माझ्याच हातात. आता ‘होय, हे खरे आहे’ लिहायचं आणि टँकर घेऊन टाकायचा. देवानं जणू मला दोन्ही बाजूंनी खेळायला बसवलं होतं. साहेब म्हणाले, “उद्या आपण जागेवर जाऊन फोटो काढू. विधानसभेचं काम आहे, ऐकीव माहिती नको.” म्हटलं, जरूर.

संध्याकाळी ताईला फोन केला. “उद्या साहेब येऊन राह्यले झाडं पाहाले. मुंबईहून आलं हाये. बराबर दाखवजो.”

“येऊ दे,” ती म्हणाली. आवाजात आनंद मावत नव्हता.

आता इथं मी जी चूक केली ती दुसऱ्या कोणत्या देशात कोणी करेल असं मला वाटत नाही. मी तिला ‘साहेब येत आहेत’ असं सांगितलं, आणि माझ्या बहिणीच्या घरी साहेब येणार म्हटल्यावर काय होतं हे मला, तिच्या सख्ख्या भावाला, कळायला पाहिजे होतं. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी अंगण झाडलं जातं, पोरांची तोंडं धुतली जातात, फाटकी गोधडी आत ढकलली जाते. कोणी दुखणं बघायला आलं तरी आजारी माणसाला अंघोळ घालून, केस विंचरून, चांगली चादर टाकून बसवतात. डॉक्टर म्हणतो, चांगली तर दिसते बाई!

आम्ही सकाळी फाट्यावर उतरलो आणि माझे डोळे फाटले. ताईनं झाडांना अंघोळ घातली होती. फाट्यापासून पुलापर्यंतच्या प्रत्येक रोपाला. ती आणि चाचा, दोघं पहाटेपासून राबले होते. आळी नीट गोल करून शेणानं सारवली होती. पानांवरची धूळ धुतली होती. जाळ्यांना अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाकल्या होत्या. आणि रोपं! थंडीत ज्या काड्या मी पाहिल्या होत्या त्यांना हातभर फुटवा आला होता. मी ‘जगव’ म्हणालो होतो ना. ती बाई जानेवारीपासून रोज सकाळ-संध्याकाळ हॉटेलच्या वापराचं पाणी, भांड्याचं पाणी, चाचांच्या पंक्चरच्या टबातलं पाणी, सगळं डबड्यांनी वाहत होती. मला काही बोलली नव्हती. मी कामाला लागलोय तर आपणही लागावं, असा तिचा साधा हिशोब.

ती पदर खोचून पुढं आली, साहेबांना नमस्कार केला. “या साहेब. पाहा, कसे हायेत. आता फक्त उन्हाळाभराचं पाणी पाह्यजे.”

“वा!” साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले. मोबाईल काढून जागेचा ठिकाणा उमटेल असे फोटो घेतले. एक ताईचाही घेतला, झाडाशेजारी. “वा, काय निगा आहे!”

मी मागून म्हणालो, “साहेब, पुलाच्या पलीकडे जरा पाहू. तिकडे पार वाळून…”

“प्रश्नात काय विचारलंय?” साहेब म्हणाले. “वाचा.”

मी वाचलं. स्वतःच्या तोंडानं, स्वतःचं वाक्य. फाट्यापासून पुलापर्यंत.

“मग?” साहेब म्हणाले. “विचारलं तेवढंच. हे तर तुम्हीच नव्या पोरांना शिकवता.” ते खरं होतं. मीच शिकवतो. ताईनं तोवर भजे तळायला टाकले होते आणि कोणालाही पैसे देऊ देईना. ड्रायव्हरनं दोन प्लेट खाल्ले. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “झालं ना रे काम? साहेब खूश दिसून राह्यले.” मी मान हलवली. हो अशी हलवली की नाही अशी, ते मलाही सांगता येणार नाही.

ऑफिसात येऊन मी उत्तर लिहिलं. ‘सदर रोपे वाळून गेली आहेत, हे खरे नाही. प्रत्यक्ष पाहणीत सर्व रोपे सुस्थितीत आढळून आली. सबब, टँकरसाठी तरतूद करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ खाली एक ओळ मी आपली घुसडून पाहिली, की तथापि, सदर रोपांना स्थानिक महिला स्वतः पाणी देत असून पुलापलीकडील रोपे वाळली आहेत. साहेबांनी ती ओळ पेन्सिलीनं हळूच खोडली. “न विचारलेली माहिती दिली की चार नवे प्रश्न येतात,” ते म्हणाले. आणि खरं सांगू? त्यांच्या जागी मी असतो तर मीही खोडली असती. पेन्सिलीनं नाही, पेनानं.

अजून एक आशा होती. मित्राला फोन करून मी उपप्रश्न दिला. आमदारांनी उभं राहून एवढंच विचारायचं, की पुलाच्या पलीकडचं काय आणि पाणी कोण घालतंय. मित्र म्हणाला, “आमदार साहेबाले सांगतो. पाठ करून घेतो त्याईच्याकडून.”

प्रश्नाचा दिवस आला. मी रजा टाकून ताईकडे गेलो. तिनं सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावून साखरेच्या बरणीला मोबाईल टेकवला, आणि ती, चाचा आणि मी बाकड्यावर बसलो. ऊन आत्ताच मरणाचं होतं. टिनावर हात ठेववत नव्हता. सभागृहात आमचा क्रमांक पुकारला. मला वाटलं, माझं वाक्य आता राज्य ऐकतंय!

मंत्र्यांनी उत्तर पटलावर ठेवलं. मग एकेक सदस्य उभे राहू लागले. एकानं विचारलं, जुन्या गाडीवाल्यांकडून पर्यावरणाच्या नावानं पैसे घेता, ते पर्यावरणावर खर्च करता का? मंत्री म्हणाले, हा कर राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो, एका ठरावीक कामासाठी तो बाजूला ठेवला जात नाही, त्या निधीतून सगळाच खर्च भागतो. दुसऱ्यानं विचारलं, मग त्याला पर्यावरण कर कशाला म्हणता? थोडा गोंधळ झाला, थोडं हसू झालं. तिसऱ्यानं बसगाड्या, धूर, शहरातली हवा असं बरंच काही काढलं. एरवी हे ऐकून मी नाचलो असतो. एवढे आमदार माझ्या प्रश्नावर भांडताहेत! पण मी फक्त आमच्या आमदारांची वाट पाहत होतो. चाचांनी ट्यूबला ठिगळ लावायचं सोडून दिलं होतं. ताईच्या ओठांची हालचाल चालू होती, नवस बोलत असावी.

आमचे आमदार उभे राहिले. आणि देवाशपथ, त्यांनी पाठ केलेलं सगळं बरोबर म्हटलं. पुलाच्या पलीकडची रोपं वाळली आहेत, फाट्यावरची रोपं एक गरीब बाई स्वतःच्या हातानं जगवत आहे, तिचं पाणी संपत आलं आहे, शासन टँकर देणार का? मी ताईच्या पाठीवर थाप मारली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, मूळ प्रश्न फाट्यापासून पुलापर्यंत आहे, पुलापलीकडची बाब त्यात येत नाही, सन्माननीय सदस्यांनी हवं तर वेगळा प्रश्न द्यावा. मंत्री उठून म्हणाले, फाट्यापासून पुलापर्यंतची रोपं उत्तम आहेत, फोटो जोडला आहे, आणि स्थानिक भगिनी निगा राखत असेल तर तिचं मी सभागृहाच्या वतीनं अभिनंदन करतो. बाकं वाजली. पुढचा प्रश्न.

ताईनं फोन बंद केला. माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हंजे टँकर नाही?”

“नाही.”

“काऊन?”

मी तिला समजावून सांगितलं. मला समजावून सांगता येतं, तेच तर माझं काम. म्हटलं, बघ ताई, प्रश्नात झाडं वाळली का असं विचारलं होतं. ती वाळली नाहीत. म्हणून खरं नाही असं उत्तर आलं. आणि वाळली नाहीत म्हटल्यावर पाणी कशाला लागतं, असा त्याचा अर्थ होतो. बोलता बोलता मला माझ्याच तोंडची चव कडू लागत होती, पण वाक्य एकदा सुरू झालं की मला ते पूर्ण केल्याशिवाय राहवत नाही.

“वाळले नाही म्हणून पाणी नाही,” ती म्हणाली.

“हाव. तसंच.”

ती म्हणाली, “माह्या बोरिंगले आता आठ-पंधरा दिवसांचं पाणी हाये.” चुलीवरच्या चहाला उकळी आली होती, तो तिनं उतरवला. “मंग मी आजपासूनच पाणी घालाचं बंद करू का? वाळले तं खरं होईन? मंग देतीन का टँकर?”

आणि मी विचार करायला लागलो. पावसाळी अधिवेशन जून-जुलैत. प्रश्न त्याच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो. एप्रिलच्या उन्हात पाणी तोडलं तर एवढी रोपं किती दिवसांत माना टाकतील, मे महिन्यात पाहणीला कोण येईल, फोटो कोणत्या बाजूनं घ्यायचे, प्रश्नात या वेळी ‘फाट्यापासून’ टाकायचं की ‘संपूर्ण रस्ता’. ‘वाळत आहेत’ की ‘वाळून गेली आहेत’. माझं डोकं गाडीसारखं धावत होतं. दोन शब्द तर मला फार छान सुचले होते.

वर पाहिलं तर चाचांनी तोंड फिरवलं होतं. ताई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“बाबू,” ती म्हणाली, “तुले विचार करा लागला?”

शेडच्या कोपऱ्यात खरकट्या पाण्याची बादली भरून ठेवली होती, मी उठून तिच्या कडीला हात घातला. ताईनं माझा हात बाजूला केला आणि बादली स्वतः उचलली.

“राहू दे,” ती म्हणाली. “तुही एसटी येईन आता.”